काही नाही

३ मार्च

पोचलो एकदाचा. बूट काढले तर मोज्याला भोक. ते बघून खोलीतला दुसरा गडी हसला, म्हणाला ये, इथं सगळ्यांच्याच बोटांना हवा लागते. तो पावाच्या कारखान्यात भट्टीवर असतो, अंगाला कायम भाजक्या पिठाचा वास. सगळे त्याला भट्टीच म्हणतात, मीही म्हणणार. खोली लॉन्ड्रीच्या वर आहे. खालून दिवसभर वाफ येते, त्यामुळे भिंत गरम आणि दोरीवरचे कपडे फुकटात वाळतात. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो आणि एक मांजर, जे कोणाचंच नाही.

कामावर परवापासून. आतापर्यंत गॅरेज झालं, कुरिअर झालं, गार गोदामात खोकी उचलून झाली, कुठंच बूड टेकलं नाही. पायाला भिंगरी आहे म्हणते आई. पण हे काम खुर्चीवर बसून आहे आणि खुर्चीच फिरती आहे, तेव्हा जमेल. भट्टीच्या ओळखीच्या साहेबांना आपली भाषा घरात बोलणारा माणूस हवा होता. शिक्षण कितीही चालेल म्हणाले. कितीही म्हणजे आठवी चालेल का विचारलं तर हसले.

आईला फोन केला. कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलो, एवढंच म्हणालो. तिने फोन कानाला असतानाच समोरच्या मावशींना ओरडून सांगितलं, अहो, इंजिनियर झाला माझा! माझ्या कानाचा पडदा फाटायचा राहिला. तसं नाही ते, असं म्हणणार होतो. नाही म्हणालो. किती दिवसांनी तिला ओरडून सांगण्यासारखं काही मिळालं होतं.

६ मार्च

ऑफिस टायरच्या दुकानावर आहे. जिन्यात रबराचा वास, वर गेलं की गारवा. माझं टेबल म्हणजे फोनच फोन. जुने, नवे, काच तडकलेले, एक तर इतका जुना की चार्जिंगला लावला की कुरकुरतो. ते सगळे दाबायचे आणि कुठं काय अडतं ते सांगायचं, हे माझं काम. भट्टी म्हणाला, म्हणजे तुला बोटं चालवायचा पगार, मला बोटं भाजायचा.

कंपनी मनगटावर बांधायचा पट्टा बनवते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. रोज सकाळी पट्टा त्यांना विचारतो, काही त्रास आहे का? त्यांनी बटण दाबायचं नाहीतर तोंडाने सांगायचं. ते उत्तर लांब राहणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर जातं. हिरवा ठिपका म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे फोन करा, लाल म्हणजे धावा.

पट्टा आणि फोन यांच्या मधलं काम एक ताई करतात. वयाने माझ्याहून फार मोठ्या नसतील, पण मी ताईच म्हणतो. त्यांची भाषा वेगळी, माझी वेगळी, मधली एक मोडकीतोडकी दोघांना येते तीत बोलतो. त्यांनी चहा पिता पिता समजावलं. पट्ट्याच्या आतला प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीचा आहे, जुन्या भाषेत लिहिलेला, त्याला हात लावायचा नाही. फोनवरचा नव्या भाषेत. दोघांना एकमेकांचं कळत नाही म्हणून मध्ये पूल बांधायचा. अडचण अशी, की जुनी भाषा ज्याला आकडा म्हणते तो नव्या भाषेच्या आकड्यात मावेलच असं नाही.

मी म्हणालो, इंची बोल्टला मिलिमीटरचा नट लावल्यासारखं. पहिले दोन आटे जातो, वाटतं बसला, आणि मग आटे खातो. ताई म्हणाल्या अगदी तसंच, फक्त इथं आटे खाल्ले तरी आवाज येत नाही.

११ मार्च

आज पोट धरून हसलो. एका आजोबांची दिवसभराची पावलं उणे दोनशे चौदा कोटी दिसायला लागली. साहेब म्हणाले, आजोबा उलट्या पावली गेले, त्यांच्या जन्माच्या आधी जाऊन परत येतील. ते निस्तरतंय तोवर वेळ बिघडली. पट्टा वेळ सेकंदात सांगतो आणि फोन ती सेकंदाच्या हजाराव्या भागात धरतो, त्यामुळे सगळ्या आज्या एकोणीसशे सत्तरच्या जानेवारीत झोपून उठल्या. मी म्हणालो बरंय की, सगळ्या तरण्याताठ्या झाल्या.

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या चुका लाडक्या असतात. बरोबर दिसणारी चूक मला नको.

१९ मार्च

ताईंनी वैतागून ठरवलं की आता आकडे पाठवायचेच नाहीत. पट्ट्याकडून जे येईल त्याचा शब्द करायचा, तो शब्द पुलावरून न्यायचा आणि पलीकडे शब्द बघून ठिपका लावायचा. ज्या भाषेचं गिऱ्हाईक त्या भाषेतला शब्द. आपल्या भाषेतले मी द्यायचे! आठवीत मराठीच्या बाईंनी मला वर्गाबाहेर उभं करून माझा निबंध वाचून घेतला होता, त्यांना बोलवायला पाहिजे होतं.

त्रास नसेल तर, ‘काही नाही’. आपली माणसं दुसरं काय म्हणतात? थोडा असेल तर ‘थोडं आहे’. जास्त असेल तर आधी ‘कोणीतरी ये’ लिहिलं, मग ‘कोणीतरी या’ केलं. कंपनीचं आहे, मानाने असावं. तोंडाने सांगायचं तर पट्ट्याला हे तीनच बोल कळणार. दुसरं काहीही बोललं की त्याच्या लेखी ते रिकामं.

चौथा शब्द त्या रिकाम्याचाच हवा होता. ताई म्हणाल्या, हे शून्य नाही बरं का. शून्य म्हणजे ताटली आहे पण तीत काही वाढलेलं नाही. रिकामं म्हणजे ताटलीच आलेली नाही. मी मान हलवली. ताटली कळली, पुढचं डोक्यावरून गेलं. साहेब खुर्चीमागे उभे होते. परत विचारलं असतं तर माझी आठवी सगळ्यांपुढे बाहेर आली असती. काहीच येत नाही ना? मग लिहिलं, ‘काही नाही’.

ताईंना आपली लिपी वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, चारही वेगवेगळे आहेत ना, दोन सारखे चालणार नाहीत. मी म्हणालो हो हो. साहेबांनी पाठ थोपटली.

२ एप्रिल

आईला पट्टा मिळाला. कंपनीने कामावरच्या माणसांना एकेक वापरून बघायला दिला होता, तो मी धाडला. सकाळी माझ्या फोनवर पहिला ठिपका आला, हिरवागार, आणि खाली ‘काही नाही’. माझाच शब्द आईच्या तोंडून माझ्याकडे. भट्टीला दाखवला, लॉन्ड्रीवाल्याला दाखवला, त्या मांजरालाही दाखवला असता.

फोनवर आईने तक्रारींचा पाढाच वाचला. पट्टा खाजतो. बटण उडदाएवढं, ते कोणाच्या बोटाला सापडणार? आणि सकाळी सकाळी विचारणारी ती बया कोण आहे, इतकी दटावून विचारते की असलेला त्रासही पळून जावा. मी म्हणालो बटण राहू दे, तोंडाने सांग, पण हेच तीन बोल म्हणायचे. तर म्हणते, मी काय पोपट आहे? मग स्वतःच म्हणाली, मला पहिलाच पुरे, दुसरं मी कधी म्हटलंय.

खरं आहे. अंगात ताप फणफणत असला तरी काही नाही. डोळ्यांत पाणी दिसलं तरी काही नाही, कांदा चिरत होते. एकदा तर घरात कांदाच नव्हता.

२६ एप्रिल

काम बरंच आलंय. आधी आईला दिवसाआड फोन करायचो. आता सकाळी दात घासता घासता ठिपका बघतो, हिरवा असतो, झालं. परवा तिचा फोन आला तेव्हा हातात चार फोन होते, नंतर करतो म्हणालो. नंतर राहिलं. भट्टी म्हणाला, लेका, तुझी आई आता ठिपका झाली. मी हसलो. आंघोळीच्या वेळी ते परत आठवलं तेव्हा हसू आलं नाही.

उद्या करतो फोन.

६ मे

आपल्या भाषेत तक्रार आली की ती माझ्याकडे देतात. आज दुपारी एक बाई होत्या. त्यांचे वडील एकटे राहायचे. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा ते स्वयंपाकघरात पडलेले होते, आणि जाऊन बरेच दिवस झाले होते. त्या सगळ्या दिवसांत बाईंच्या फोनवर रोज सकाळी हिरवा ठिपका येत होता. काही नाही. काही नाही.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते आम्हाला शिकवलंय. त्या हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, की मला फक्त सांगा, मग रोज उत्तर कोण देत होतं?

मी म्हणालो तपासतो. वडिलांच्या पट्ट्याचा नंबर लिहून घेतला.

७ मे

सकाळी लवकर गेलो. चाचणीचा एक पट्टा कोणाच्याच हातात न बांधता खणात ठेवला आणि खण लावून घेतला. आतून तो दबक्या आवाजात बोलला, काही त्रास आहे का? खणात कोण बोलणार? थोडा वेळ गेला आणि माझ्या समोरच्या फोनवर ठिपका आला.

हिरवा. काही नाही.

ताटली आहे पण वाढलेलं नाही, आणि ताटलीच नाही. आत्ता कळलं. त्रास नाही आणि उत्तरच नाही, दोन्हींना मी एकच शब्द दिला. पूल शब्द बघून ठिपका लावतो. त्या बाईंच्या वडिलांचं न आलेलं उत्तर माझ्या शब्दाच्या अंगरख्यात निवांत म्हणून पोचत राहिलं. दुसऱ्या कुठल्या भाषेत ही चूक नाही. फक्त आपल्या. फक्त आपल्या माणसांच्या आईबापांना.

साहेब सगळ्यांसमोर ताईंना बोलले. पुलात चूक आहे म्हणाले, तुमचा पूल आहे. ताई मान खाली घालून स्क्रीनवर शोधत होत्या. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. एकच वाक्य बोलायचं होतं. ताई, शब्द माझा चुकलाय. समोरचा फोन उचलला. दिवसभर फोन दाबत राहिलो, न बघता.

जिन्यात येऊन आईला फोन केला. वाजत राहिला. ठिपका हिरवा होता.

८ मे

आई फोन उचलत नाही. ती तो आतल्या खोलीत चार्जिंगला लावून विसरते, नेहमीचंच.

समोरच्या मावशींना लावला. त्या मुलीच्या बाळंतपणाला गेल्यात, दुसऱ्या गावी. म्हणाल्या, अरे असेल इकडेतिकडे, तिला कुठं फोनचं वेड आहे. तुझा तो पट्टा काय म्हणतो? मी म्हणालो, काही नाही म्हणतो. मग झालं तर, म्हणाल्या. बाळाचा रडण्याचा आवाज येत होता. म्हणाल्या बाळ अगदी आजोबांवर गेलंय. मी म्हणालो वा.

आणखी काय बोलायचं होतं? मावशी, पट्टा खोटं बोलतो आणि ते मी त्याला शिकवलंय?

ताई आजही उशिरापर्यंत थांबणार होत्या. मी निघताना त्यांनी विचारलं, तुला काही विचित्र दिसलं का? मी मान हलवली. नाही.

९ मे

लिहायची लाज वाटते, पण इथं नाही लिहिणार तर कुठं.

मला आता ताईंना सांगायचंच नाहीये. आधी लाजेने सांगत नव्हतो. आता वेगळंच आहे. मी सांगितलं की त्या रिकाम्याला वेगळा शब्द देतील, आणि मग आईचा ठिपका खरं बोलेल. जोवर सांगत नाही तोवर तो हिरवा आहे. जोवर हिरवा आहे तोवर ती आहे.

आणि बाकीच्यांचे? त्यांच्याही आया आहेत. यादीत शेकड्यांनी आहेत. त्यांचेही ठिपके मी हिरवे धरून बसलोय, माझ्या एकट्याच्या जिवासाठी.

आई फोन उचल.

१० मे

रविवार. बाहेर गेलो नाही. भट्टीने पाव आणला, तसाच पडला. तो म्हणाला तोंड का असं, मी म्हणालो काही नाही. म्हणालो आणि अंगावर काटाच आला.

आईचा फोन आता वाजतही नाही. बंद आहे म्हणते ती बाई.

ठिपका हिरवा.

११ मे

ताईंना महिनाअखेर जायला सांगितलं. त्या खणातला कप आणि एक छोटी शाल पिशवीत भरत होत्या. रडत नव्हत्या, पण कप तीनदा पुसला. मी उठलो. कसा उठलो माहीत नाही. म्हणालो ताई, पूल बरोबर आहे. दोन ठिकाणी मी एकच शब्द लिहिला.

ताईंनी कप खाली ठेवला. ओरडल्या नाहीत. विचारलं, कधी लक्षात आलं?

मी म्हणालो आत्ताच.

ह्याहून खाली माणूस जातो का?

१२ मे

ताईंनी रिकाम्याला वेगळा शब्द दिला. ‘उत्तर आलं नाही’. ठिपका राखाडी. सकाळी नवा प्रोग्रॅम सगळीकडे एकदम गेला. आणि ऑफिसातले फोन वाजायला लागले. बहुतेकांनी पट्टा काढून ठेवला होता, काहींचं चार्जिंग संपलं होतं. पण एक आजी न्हाणीघरात घसरून पडलेल्या सापडल्या, जिवंत. ताई माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, तू सांगितलंस म्हणून वाचल्या त्या. साहेबांनीही मान डोलावली. मला तिथल्या तिथं जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

माझ्या फोनवर नवा प्रोग्रॅम मी घेतला नव्हता. दुपारपर्यंत घेतला नाही. मग जिन्यात गेलो, डोळे मिटून दाबलं.

हिरवा!

राखाडी नाही, हिरवा. आता खरा हिरवा, उत्तर आल्याशिवाय येतच नाही असा. आई बोलली. आई आहे. टायरवाल्याच्या पोत्यांवर बसून मी लहान पोरासारखा रडलो. टायरवाला म्हणाला काय झालं रे, मी म्हणालो आईचा निरोप आला.

१३ मे

मावशींचा फोन. आज परतल्या त्या. दार आतून बंद. वास.

पुढचं लिहवत नाही.

सकाळी ठिपका हिरवा होता.

१४ मे

गल्लीतल्या लोकांनी सगळं केलं. मी पोचेपर्यंत ठेवता येणार नव्हतं म्हणाले, मीही हट्ट धरला नाही. रजा मिळत नाही असं सांगितलं. रजा मागितलीच नव्हती. मावशींच्या समोर उभा राहायची हिंमत नाही.

डॉक्टर म्हणाले पडून पाय मोडला. उजवा हात अंगाखाली. लगेच नाही गेली. मावशी सांगता सांगता थांबल्या, मग म्हणाल्या, तीन-चार दिवस होती बहुतेक. रविवारपर्यंत.

रविवारपर्यंत.

मला सात तारखेला कळलं होतं. गुरुवारी. गुरुवारी एक वाक्य बोललो असतो तर शुक्रवारी सकाळी राखाडी आला असता.

मंगळवारी मग कोण — मंगळवारी हिरवा होता. नवा, खरा. मंगळवारी ती —

पट्टा कुठाय, विचारलं. मावशी म्हणाल्या मीच काढला, बंद पडलाय, काळा, माझ्या कपाटात रुमालात गुंडाळून ठेवलाय.

आजही हिरवा.

१५ मे

ताईंना आईचं सांगितलं नाही. एक पट्टा बंद असून उत्तर देतो एवढंच सांगितलं. त्यांनी बघितलं. म्हणाल्या रिकामं येत नाहीये, खरं शून्य येतंय. ताटली आहे. तिकडे कोणीतरी बांधला असेल बघ हातात. मी म्हणालो असेल.

मग म्हणाल्या, तोंडी उत्तर जुळलं नाही तर पट्टा तो आवाज साठवून ठेवतो, पुढं सुधारता यावं म्हणून. या पट्ट्याचे थोडे आहेत. पाठवू?

नको म्हणायला हवं होतं.

१६ मे

पहिला. अगं बाई — पडले की गं मी. हात अडकलाय. बटण नाही सापडत. अरे ये रे.

दुसरा. ती त्या बयेशी बोलतेय, माणूस समजून. अहो बाई, माझ्या मुलाला निरोप द्या. तुमच्यातच आहे, इंजिनियर आहे. त्याला म्हणावं ये.

तिसरा. पाणी मागते. मग ये. ये रे बाळा.

चौथा. नुसता श्वास. शेवटी ये, इतकं हळू, की तीनदा ऐकलं.

मी ‘या’ लिहिलं होतं. मानाने. पट्ट्याला ‘या’ कळतं. कुठली आई पोराला या म्हणेल? तिने ये म्हटलं, ते कशाशी जुळलं नाही, म्हणून रिकामं, आणि रिकामं म्हणजे माझ्या शब्दात —

चार सकाळी ती मला हाक मारत होती, आणि माझ्या हातात निवांत म्हणून येत होतं. मी दात घासत होतो.

१७ मे

आज आवाजासकट आलं. ठिपका हिरवा, खाली आवाजाची रेघ. ताईंनी पाठवलं नाही, आपोआप आलं.

काही नाही.

आईच. दम लागलेला नाही, दुखत असल्यासारखा नाही. कांदा चिरत होते तसा.

भट्टीला ऐकवलं. तो म्हणाला ह्यात काही नाहीये लेका, नुसती खरखर आहे. मग माझा चेहरा बघून म्हणाला, घरी जाऊन ये. भाडं मी देतो. मी त्याच्यावर धावून गेलो. काय बोललो आठवत नाही. तो गुपचूप कामावर गेला.

मेली तरी लपवतेय. माझ्यापासून. मला वाईट वाटू नये म्हणून.

फोन बंद केला. बंद आहे. तरी तो ठिपका —

१८ मे

सकाळ. ऊन आलंय. लॉन्ड्रीची वाफ. बंद फोन बोलला, माझ्याच खोलीत, काही त्रास आहे का?

आई उत्तर देत नाहीये. बोलतेय. थांबतच नाही. रेघ पुढं पुढं जातेय. इतक्या वर्षांत कधी बोलली नाही ते सगळं. पाय कसा वाजला ते. मुंग्या. तहान. बाहेर कोणाची तरी पावलं, ती माझी वाटली ते. दिवस उजाडला की बया विचारते आणि आपण सांगतो आणि कोणी येत नाही ते.

मी कान झाकले. हातांच्या आतून येतंय.

मला सांगायचंय आई. गुरुवारी मला माहीत होतं. इंजिनियर नाही मी. घाबरलो. तोंड उघडतो आणि —

थांबली.

ऐकतोयस ना रे?

काही राग नाही आवाजात. नुसतं विचारतेय. वाट बघतेय. फोनवर मायक्रोफोनचं चिन्ह लागलंय, माझ्याकडचं. बोल म्हणतंय.

जीभ हलत नाही. आत्ताही. लिहिता येतंय, बोलता —

ऐकतोयस ना?

आई, मी काहीच बोललो नाही, तर तुझ्याकडे ते काय म्हणून पो